परत येणारं ताट : नाताळ, फराळ आणि देण्यातला आनंद

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'कर्तव्य' या कल्पनेभोवती फिरत होतो. आज डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे, तेव्हा विषय थोडा खाण्याच्या अंगाने घेऊ. पण प्रश्न तत्त्वज्ञानातलाच आहे, आणि तसा अवघडच आहे. शेजारच्या घरून आलेला डबा रिकामा परत करू नये, असं आपल्याकडे प्रत्येक आईने मुलांना सांगितलेलं असतं. काही नसेल तर चमचाभर साखर घाल, पण रिकामा देऊ नकोस. आता प्रश्न असा, की डबा भरून परत येणारच असेल, तर पहिल्या घराने दिलं म्हणजे नेमकं काय केलं? ते देणं होतं की साधी अदलाबदल? आणि अदलाबदलच असेल तर तिचा एवढा आनंद का होतो?

उदाहरणासाठी मी गोव्यातला नाताळ घेतो. तिथल्या ख्रिस्ती घरांत 'कोंसुआद' नावाची रीत आहे. शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालमध्ये कोंसुआद म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं, चोवीस डिसेंबरचं घरगुती जेवण. गोव्यात त्याचा अर्थ बदलला. इथे कोंसुआद म्हणजे नाताळचे गोड पदार्थ ताटात मांडून, वर विणलेला रुमाल टाकून, शेजारीपाजारी आणि नातेवाइकांकडे पाठवणं. पोर्तुगालमध्ये जे जेवण कुटुंबाने दार लावून आत बसून करायचं, ते आमच्याकडे दाराबाहेर पडलं. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो.

त्या ताटात काय असतं? दोदोल असतो. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र करून तो तासन् तास घोटावा लागतो. एका माणसाचा हात भरून येतो, म्हणून घरातले आळीपाळीने उभे राहतात. बिबिंक असते, तिचा एकेक थर वरून आच देऊन भाजायचा, तो झाला की पुढचा ओतायचा. घाईच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये. चण्याच्या डाळीचा दोस असतो, पेरूची पेराद असते. आणि कुलकुल! मैद्याच्या पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, की शिंपल्यासारखा आकार येतो. ते काम एकट्याचं नाहीच. टेबलाभोवती आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात, लहान मुलांचे कुलकुल वाकडे होतात आणि तेही तळले जातात. एका घराला पुरेल त्याच्या कितीतरी पट जास्त ते करतात. म्हणजे 'आपल्यासाठी करू आणि उरलं तर देऊ' असा हिशोब नसतोच. देण्यासाठीच करायला घेतलेलं असतं.

आणि त्या ताटात नेवरी असते. नेवरी म्हणजे आपली करंजी. ख्रिस्ती घरातली नेवरी नाताळला हिंदू शेजाऱ्याकडे जाते, आणि त्याच शेजाऱ्याकडची नेवरी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, किंवा दिवाळीला ख्रिस्ती घरी आलेली असते. सारण थोडं इकडेतिकडे, पण पदार्थ एकच. हे सहज घडलेलं नाही बरं का. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक फर्मान काढून, धर्मांतरित कुटुंबांत टिकून राहिलेल्या कितीतरी जुन्या चालीरीतींवर बंदी घातली होती. तरी नेवरी राहिली. सत्तेला देवळं पाडता येतात, पण परातीतलं पीठ कसं वळायचं यावर पहारा ठेवणं अवघड असतं.

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटवस्तूवर एक दीर्घ निबंध लिहिला. पॉलिनेशिया, मेलानेशिया, उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा अशा ठिकाणांची माहिती एकत्र करून त्याने म्हटलं, की भेट ही दिसते ऐच्छिक, पण तिच्यात तीन बंधनं असतात. देणं भाग असतं, घेणं भाग असतं आणि परत करणंही भाग असतं. न घेणं म्हणजे संबंध नाकारणं. आपल्या आईचा डब्याचा नियम हाच मॉसचा तिसरा नियम, फक्त तिने निबंध लिहिला नाही.

मॉसनंतर पिएर बोर्दिय याने अल्जीरियातल्या कबाइल लोकांमध्ये राहून त्यात एक बारीक पण मोलाची भर घातली. तो म्हणाला, भेट परत करायची असते हे खरं, पण ती लगेच परत करायची नसते आणि तशीच्या तशी परत करायची नसते. समजा मी तुम्हाला लाडू दिले आणि तुम्ही त्याच पावली आत जाऊन मोजून तेवढेच लाडू माझ्या हातावर ठेवले. काय वाटेल मला? तुम्ही माझी भेट फेडून टाकलीत, म्हणजे एका अर्थी तोंडावर फेकलीत. मध्ये काळ जावा लागतो. त्या काळात मी तुमचा काही लागत असतो, आणि ते लागणं सुखाचं असतं.

आता हे गोव्याच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. चवथीची नेवरी भाद्रपदात येते. तिचं उत्तर नाताळात, तीन-साडेतीन महिन्यांनी. नाताळच्या ताटाचं उत्तर पुन्हा पुढच्या चवथीला, आठ महिन्यांनी. दोन धर्मांचे सण वेगवेगळ्या ऋतूंत येतात म्हणून ही भेट कधीच 'फिटत' नाही. सगळ्यांचा सण एकाच दिवशी असता, तर नेवऱ्या समोरासमोर बदलल्या गेल्या असत्या आणि संध्याकाळी सगळे मोकळे झाले असते. सण वेगळे असण्याचा हा फायदा आपल्या एकतेवरच्या भाषणांत कुणी सांगत नाही.

इथे गीतेचे अभ्यासक हात वर करतील, आणि करायलाच हवा. सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितलं आहे ते असं, की जो परतफेड करू शकणार नाही त्याला, योग्य वेळी, योग्य ठिकाणी, केवळ द्यायचं म्हणून दिलेलं. आणि परतीच्या अपेक्षेने दिलेलं ते राजस. हा काटा लावला तर शेजारणीचं ताट राजस ठरतं! फ्रान्समधला जाक देरिदा तर आणखी पुढे गेला. १९९१च्या पुस्तकात त्याने म्हटलं, की भेट ही भेट म्हणून ओळखली गेली तरी संपली. ओळखीबरोबर ऋण आलंच, म्हणून शुद्ध भेट अशक्यच आहे.

मला वाटतं, देरिदाचा युक्तिवाद चलाख आहे, पण तो एका शब्दात दोन गोष्टी कोंबतो. मराठीत आपल्याकडे शब्द वेगळे आहेत. 'दान' वेगळं, 'आहेर' वेगळा आणि 'वानवळा' वेगळा. आहेराची वही असते. अमक्याने एकशे एक दिले, त्यांच्याकडे कार्य निघालं की तेवढे तरी द्यायचे. तो सरळ हिशोब आहे, म्हणून लोक आता पत्रिकेवरच 'आहेर आणू नये' छापतात. दानात परत यायला नको, आणि खरं तर देणाराही दिसायला नको. वानवळा म्हणजे शेतात काही नवं आलं, हरभरा, भुईमूग, पहिले आंबे, की ओळखीच्या घरी पाठवायचं. तिथे वही नसते, पण आठवण असते. गीता बोलते आहे ती दानाबद्दल, नाताळचं ताट हा वानवळा आहे. वानवळ्याला दानाचा काटा लावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

नाताळमध्ये दानाची परंपराही आहेच. सांताक्लॉजच्या मागे जो संत निकोलस आहे, तो आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. त्याची प्रसिद्ध आख्यायिका अशी, की एका गरीब बापाला तीन मुली, हुंड्याला पैसे नाहीत. निकोलसने रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली, एकेक करून तिघींसाठी. (हुंडा ही फक्त आपलीच डोकेदुखी नव्हती, एवढं लक्षात घ्या.) हे निनावी देणं. मला यातली पुढची पायरी जास्त आवडते. सांताक्लॉजच्या नावाने आईबाप मुलाच्या उशाशी खेळणं ठेवतात, म्हणजे ते स्वतः आभारांवर पाणी सोडतात. मूल धन्यवाद देतं ते त्या दाढीवाल्याला. मुलाच्या डोक्यावर 'आम्ही तुझ्यासाठी किती केलं' हे ओझं त्या एका रात्रीपुरतं तरी येत नाही. आपल्या घरांत ते वर्षभर येतं, हे मी वेगळं सांगायला नको.

अर्थशास्त्रज्ञांचाही एक आक्षेप आहे. जोएल वॉल्डफोगेल याने १९९३ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं, की नाताळात मिळालेली वस्तू तुम्ही स्वतः घेतली असती तर किती पैसे मोजले असते? उत्तरांवरून त्याने हिशोब काढला, की भेटींच्या किमतीतला दहा टक्क्यांपासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भाग वाया जातो. हिशोब बरोबर असेल, पण प्रश्न विचारतानाच त्याने भावनिक मूल्य बाजूला काढायला सांगितलं होतं. लिंबू पिळून टाकून मग सरबत आंबट नाही म्हणण्यासारखं झालं हे. याउलट २००८ साली कॅनडात एक छोटा प्रयोग झाला. काही लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना स्वतःवर खर्च करायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, आणि पाच की वीस याने फरक पडला नाही. लोकांना आधी विचारलं तर त्यांचा अंदाज मात्र उलटा होता.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते तिकडे येतो. देण्यात आनंद आहे हे मान्य केलं, तर घेणारा कुणीतरी लागतो. आणि माझ्या वयाच्या लोकांना घेणं जमेनासं झालं आहे. आमच्या सोसायटीत कितीतरी घरांत दोघंच, किंवा एकटंच माणूस. मुलं बाहेरदेशी. चकलीचा सोऱ्या माळ्यावर गेला. मग शेजारची सून ताट घेऊन आली, की आमचे लोक दारातच म्हणतात, "अगं, आता आमच्याकडून काही होत नाही, तू नको आणत जाऊस." बोलण्यात संकोच असतो, वाईट हेतू नसतो. पण मॉसच्या भाषेत हा दुसऱ्या नियमाचा भंग आहे. परत करता येत नाही म्हणून घेणंच थांबवलं, आणि त्याबरोबर त्या मुलीचं देणंही थांबवलं. दोन-तीन वर्षांनी ती येत नाही, आणि आपण म्हणतो, हल्ली कुणी कुणाकडे येत नाही.

पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत आमच्या घरी फराळ झाला नाही. अशा घरी इतरांनी फराळ पाठवायचा असतो, तसा तो आला. डब्यांची रांग लागली ओट्यावर. परत करताना मी प्रत्येकात साखर घातली, कारण मला तेवढंच येत होतं. नाताळात खालच्या मजल्यावरच्या गोवेकर बाईंचं ताट आलं, त्यातही साखर घालून परत केलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, तुमच्या साखरेनं आमचा महिन्याचा चहा झाला." पुढच्या वर्षी ताट जरा मोठं आलं.

तेव्हा परतीत काय घालायचं हा प्रश्न मला वाटतं तितका कठीण नाही. कुंडीतला गवती चहा चालतो. त्यांच्या मुलाचं गणित तपासून दिलं तरी चालतं. बोर्दियने सांगितलंच आहे, तेच परत द्यायचं नसतं आणि लगेचही द्यायचं नसतं; म्हातारपणी या दोन्ही सवलती आपल्या फायद्याच्या आहेत.

ऋण आणि उपकार यांतला फरक आज राहून गेला. त्यावर सेनेका या रोमन विचारवंताने सात भागांचा ग्रंथ लिहिला आहे, तो पुढच्या वेळी घेऊ. मागच्या रांगेतून कुणीतरी मघापासून हात वर करून आहे. बोला.