राजे गेले, वाट राहिली

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत स्टेशन आलं की गाडीत एकच गडबड उडते. कुणी वडे घ्यायला धावतं, कुणी मागून जोडलं जाणारं जादा इंजिन बघायला दाराशी जातं. जादा इंजिन कशाला? तर पुढे बोरघाटाचा चढ आहे! पण दोस्तांनो, आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी या डोंगरातल्या वाटा गजबजलेल्या होत्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथून व्यापाऱ्यांचे तांडे जात. तो काळ होता सातवाहन राजांचा.

सातवाहनांची राजधानी होती गोदावरीकाठी, पैठणला. तेव्हा त्याला प्रतिष्ठान म्हणत. देशावर कापड विणलं जाई आणि कोकणात सोपारा, कल्याण, चौल अशी बंदरं होती. समुद्रापलीकडे गिऱ्हाईक होतं श्रीमंत रोम! माल बंदरावर न्यायचा तर सह्याद्री उतरायलाच हवा. म्हणजे ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती पैसा. नाणेघाटातला मोठा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असं मानतात.

अशा वाटांच्या आसपास बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. कर्जतजवळ कोंदिवड्याहून जंगलातून चढत गेलं की राजमाचीच्या पोटात कोंडाणे लेणी दिसतात. चैत्यगृहाच्या वरच्या कमानी आणि सज्जे अगदी लाकडी इमारतीसारखे, पण सगळं एकाच कातळातलं! तिथे एका मोडक्या मूर्तीजवळ ब्राह्मी लिपीत छोटीशी ओळ आहे. तिचा अर्थ, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. बलक काही राजा नव्हता, तरी त्याचं नाव आजवर टिकलं.

या श्रीमंतीवर शेजाऱ्यांचा डोळा होताच. क्षत्रप राजा नहपान याने सातवाहनांचा बराच मुलूख बळकावला. एका ग्रीक खलाशाने त्या काळात लिहिलंय, की कल्याणला जाणारी परदेशी जहाजं अडवून पहाऱ्यात भडोचला नेली जात. मग उभा राहिला गौतमीपुत्र सातकर्णी. त्याने नहपानाचा पुरता पराभव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला होता!

घाट चढून कार्ल्याला गेलात तर आणखी एक गंमत कळेल. नहपानाच्या जावयाने तिथल्या भिक्षूंना एक गाव दान दिलं होतं. गौतमीपुत्र जिंकला, पण त्याने ते दान मोडलं नाही. उलट 'मामाल'मधल्या आपल्या अधिकाऱ्याला हुकूम पाठवून ते पुन्हा भिक्षूंच्याच नावे केलं. मामाल म्हणजे आपलं मावळ बरं का!

मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांची राजधानी स्पॅनिश सैनिकांनी आणि त्यांच्या स्थानिक साथीदारांनी १५२१ साली जिंकली, आणि एक बलाढ्य राज्य एकाएकी कोसळलं. सातवाहनांचं तसं झालं नाही. ते हळूहळू विझत गेले. क्षत्रपांशी लढाया चालूच राहिल्या. रुद्रदामनाने तर सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून सोडून दिलं, असं जुनागढच्या शिलालेखात कोरून ठेवलंय. पुढे रोमचा व्यापारही रोडावला. तिसऱ्या शतकात नाशिककडे आभीर, आंध्रात इक्ष्वाकू असे नवे राजे झाले आणि सातवाहनांचं राज्य संपलं.

वाट मात्र राहिली! बोरघाटात १८३० साली गाडीरस्ता झाला, १८६३ साली रेल्वे आली, २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. आज खालापूरच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा नाणेघाटाचा तो रांजण आठवून बघा.

आणि एक लक्षात ठेवा. सातवाहनांची बरीचशी माहिती आपल्याला मिळते ती अशा नाण्यांमधून आणि दगडावरच्या ओळींमधून. सहलीला गेल्यावर लेण्यात आपलं नाव खरवडणारा कुणी दिसला, तर त्याला बलकाची गोष्ट सांगा. त्या एका ओळीवर ओरखडा उठला, तर बलकाला ओळखण्याची दुसरी खूण आपल्याजवळ नाही.