सॅकरिनचं पाणी पिऊन उंदीर का मेले?

अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲडर यांचा प्रयोग साधा होता. उंदरांना सॅकरिनचं गोड पाणी पाजायचं आणि पाठोपाठ सायक्लोफॉस्फमाइड टोचायचं. या औषधानं पोट ढवळतं, त्यामुळे उंदीर पुढे गोड पाणी नाकारतात. ही नावड इंजेक्शनशिवाय किती दिवस टिकते, एवढंच पाहायचं होतं. पण नुसतं गोड पाणी पिणारे उंदीर मरू लागले. पहिल्या वेळी जे जास्त प्यायले होते, त्यांच्यात मृत्यूही जास्त. दुसऱ्या कुणी हे उंदीर हिशेबातून वगळून टाकले असते. ॲडर त्यांच्यापाशीच थांबले. सायक्लोफॉस्फमाइड प्रतिकारशक्तीही दाबतं. मग चवीबरोबर मेंदू तेही शिकला होता का?

प्रतिकारशास्त्रज्ञ निकोलस कोहेन सोबत आले. दोघांनी उंदरांना मेंढीच्या तांबड्या पेशी टोचून रक्तातली प्रतिपिंडं मोजली. पुन्हा गोड पाणी मिळालेल्या उंदरांत ती कमी भरली. हा निबंध १९७५ मध्ये छापून आला. प्रतिकारशक्ती आपला कारभार स्वतंत्रपणे पाहते, असं मानण्याचे ते दिवस. त्यामुळे शंका घेणारे पुष्कळ होते, आणि ती शंका रास्तही होती. मेंदूचा निरोप पोचतो कुठून? १९८०च्या दशकात डेव्हिड फेल्टन आणि सहकाऱ्यांनी प्लीहेत प्रतिकारपेशींना अगदी खेटून असलेले मज्जातंतू दाखवले, तेव्हा वाट सापडली.

माणसांवरच्या प्रयोगांतला १९९५ चा एक मला फार जवळचा वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर छोटीशी जखम केली. ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलेल्यांना त्या ९ दिवसांचा अर्थ वेगळा सांगायला नको. मात्र यावरून ‘मन खंबीर ठेवा, कॅन्सर पळेल’ असं रुग्णाला सुनावणं क्रूर आहे. विज्ञानानं तसं कधीच दाखवलेलं नाही.

पुढे २००० मध्ये न्यूयॉर्कचे केविन ट्रेसी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या व्हेगस मज्जातंतूला विजेची चेतना देऊन शरीरातला दाह कमी करून दाखवला. त्याच वाटेनं बनलेलं, मानेत बसवायचं एक उपकरण अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२५ मध्ये आमवाताच्या काही रुग्णांसाठी मंजूर केलं. ते व्हेगसला चेतना देतं, दिवसातून एकदा, एक मिनिट.