विश्लेषण : लग्नसराई आली की नववी-दहावीच्या वर्गातील बाक रिकामे का होतात?

तुळशीचे लग्न लागले की कर्जत तालुक्यात लग्नसराई सुरू होते. अक्षय्य तृतीया आणि त्यानंतरही मुहूर्तांची रीघ असते. शाळेचे दुसरे सत्र, ऊसतोडीचा हंगाम आणि दहावीची परीक्षा याच महिन्यांत येतात. रीतीरिवाज, पोट आणि शाळा यांची अशी गाठ पडली की बहुतेक वेळा शाळा मागे पडते.

गळती माध्यमिकलाच का?

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंत आहे. अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीला संपते. पुढे कर्जत, राशीन, मिरजगावसारख्या मोठ्या गावांची वाट धरावी लागते. मुलगी वयात येण्याचा आणि शाळेसाठी गावाबाहेर जाण्याचा काळ एकच असतो. कायद्याचे संरक्षण संपते त्याच वयात घरातील बंधने वाढतात.

लग्नाची घाई कशामुळे?

यात रीतीचा आणि हिशेबाचा भाग सारखाच आहे. थोरलीच्या मांडवात धाकटीचेही उरकले की जेवणावळीचा खर्च वाचतो. मुलगी जास्त शिकली की तिच्या तोडीचा मुलगा शोधावा लागतो आणि हुंडा वाढतो, असे गणित मांडले जाते. घरात कुणाचे निधन झाले तर वर्षाच्या आत लग्न करावे, नाहीतर तीन वर्षे थांबावे, हा समजही अनेक ठिकाणी टिकून आहे. अशा वेळी दहावीची परीक्षा कुणी विचारात घेत नाही.

त्यात भीतीची भर पडते. जुलै २०१६ मध्ये याच तालुक्यातील कोपर्डी येथे शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यानंतर राज्यभर गाजला. रस्ता सुरक्षित करण्याऐवजी मुलीलाच घरी बसवणे किंवा तिचे लग्न लावून देणे पालकांना सोपे वाटते.

मुलांचे काय?

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. उचल कोयत्यावर मिळते. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात आणखी एक कोयता वाढतो. कारखान्यावर निघालेल्या कुटुंबात थोरली मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळते. मेंढपाळ कुटुंबांतील मुले चाऱ्यासाठी कळपाबरोबर भटकतात. काही महिन्यांचा खंड पडला की गणित आणि इंग्रजी सुटते. मग ‘नापास होण्यापेक्षा कामाला लाग’ असे सांगितले जाते.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के महिलांचे लग्न १८ वर्षांआधी झाले होते. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण २६.३ टक्के होते. म्हणजे घट झाली, तरी पाचपैकी एकीचे लग्न वयाआधी झालेले होते.

कायदा काय म्हणतो?

बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ नुसार मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे. लग्न ठरवणारे आणि लावणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लागण्याआधी न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते. तो मोडून लावलेले लग्न रद्दबातल ठरते. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. अडचण अशी की तो त्याच गावात वावरतो आणि पत्रिका त्यालाही येते. म्हणून १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकाला महत्त्व आहे. तिथे माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त राहते.

मार्ग कोणते?

मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क माफ आहे आणि एसटीचा पासही मोफत आहे. पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी नसेल तर पास दप्तरातच राहतो. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. ती दिवाळीनंतर लगेच सुरू झाली तरच उपयोग होतो, कारण टोळ्या तोवर निघालेल्या असतात.

गावाच्या रीतीही मदतीला येऊ शकतात. यात्रा कमिटी, सप्ताहाचे व्यासपीठ आणि कीर्तनकार यांचा शब्द गावात चालतो. ‘परीक्षा झाल्याशिवाय आणि वय भरल्याशिवाय मुहूर्त नाही’ हे तिथून सांगितले गेले, तर पोलिसांची वाट पाहावी लागणार नाही. दहावीच्या वर्गात सलग आठवडाभर न आलेल्या मुलीच्या घरी शिक्षकाने जाणे, एवढ्या साध्या गोष्टीनेही एखादे लग्न थांबू शकते.

एसटीच्या त्या मोफत पासाला अहिल्यादेवी होळकरांचे नाव आहे, तसेच ते आता जिल्ह्यालाही आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यात आहे. नाव सगळीकडे आहे. नववीतली मुलगी मार्चमध्येही वर्गात दिसते का, हा प्रश्न मात्र अजून बाकी आहे.