ताज्या रक्ताचा हट्ट

कर्झन रोड हे जुने नाव टाकून कस्तुरबा गांधी मार्ग झालेल्या नवी दिल्लीतील त्या रस्त्यावर, नव्या महाराष्ट्र सदनाच्या फाटकाशी, एके सकाळी सोलापूरकडचे एक गृहस्थ हातात रक्तपेढीची चिठ्ठी घेऊन उभे होते. वडील बंधूंची बायपास दोन दिवसांवर आली होती, चिठ्ठीत चार रक्तदाते मागितले होते, आणि गावाकडून दोन पुतणे रेल्वेने निघालेही होते. "अण्णांना घरचंच ताजं रक्त चढवायचं, साहेब," ते म्हणाले, "पेढीतलं शिळं कशाला?"

हा हट्ट ममतेचा असला, तरी शास्त्राचा नव्हे. तांबड्या पेशी २ ते ६ अंश उष्णतामानात योग्य द्रावणात ४२ दिवस टिकतात. आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना दहा दिवसांच्या आतले रक्त दिले काय किंवा एकवीस दिवसांहून जुने दिले काय, परिणामात फरक पडत नाही, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. उलट, जवळच्या आप्ताचे ताजे रक्तच क्वचित घातक ठरते. दात्याच्या पांढऱ्या पेशींची ठेवण रुग्णाच्या पेशींशी इतकी जुळते की रुग्णाचे शरीर त्यांना परके मानीत नाही, आणि त्या मात्र घरात शिरलेल्या पाहुण्याने यजमानालाच बाहेर काढावे तशा त्याच्यावर उलटतात. हा विकार बहुधा प्राणघातक असून, जपानात हृदयशस्त्रक्रियेनंतर आप्तांचे ताजे रक्त दिलेल्या रुग्णांत तो विशेष दिसून आला. म्हणून असे रक्त द्यायचेच झाल्यास आधी त्यावर किरणांचा मारा करतात.

दुसरा समज असा की हृदय उघडायचे म्हणजे बाटल्यांमागून बाटल्या रक्त. हृदय थांबवून त्याचे काम यंत्राकडे सोपवायचे, तर नळ्यांत रक्त गोठता कामा नये; म्हणून डुकराच्या आतड्यापासून काढलेले हेपॅरिन देऊन रक्ताचा गोठण्याचा स्वभावच काही तासांपुरता तहकूब केला जातो. एरवी तपासणीच्या नळीत दीड-दोन मिनिटांत गोठणाऱ्या रक्ताला सुमारे ४८० सेकंद लागतात, अशी खातरजमा झाल्यावरच यंत्र रक्ताभिसरणाचा कारभार हाती घेते, आणि काम उरकताच मूळचे सॅमन माशाच्या शुक्रद्रव्यातले प्रोटामिन देऊन ती तहकुबी उठवितात. नळ्या आधी लिटरभर क्षारद्रावणाने भरलेल्या असल्याने हिमोग्लोबिनचा आकडा उतरतो, तो पुष्कळदा रक्त गेल्यामुळे नव्हे, पातळ झाल्यामुळे. सांडलेले रक्त शोषून, धुऊन परत देता येते. आणि १९६२ साली ओकामोतो या जपानी दांपत्याने जगापुढे आणलेले ट्रानेक्झॅमिक आम्ल झालेली गुठळी विरघळू देत नाही.

आकडा उतरला की रक्त चढवा, हाही असाच एक रिवाज. २०१७ सालच्या सुमारे ५,००० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त देण्याचा दंडक पाळलेल्यांची प्रकृती, ९.५ च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांहून वाईट झाली नाही. आणि त्या काटकसरी गटातील निम्म्याच्या जवळपास रुग्णांना तांबड्या पेशींची एकही पिशवी लागली नाही. अर्थात सर्व शस्त्रक्रिया सारख्या नसतात. २००९ च्या जानेवारीत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांची याच शहरात मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांनी बायपास केली, ती दुसरी खेप होती; आणि दुसऱ्या खेपेस हृदय छातीच्या हाडामागे चिकटलेले असू शकत असल्याने नुसती छाती उघडतानाही रक्तस्रावाचे भय अधिक.

छातीतल्या नळीतून बाटलीत रक्त दिसले की नातेवाईक हाय खातात. ती नळी साचलेले रक्त हृदयावर दाब आणू नये म्हणून मुद्दामच ठेवलेली असते. परिचारिका पाहते तो तासातासाचा हिशोब, आणि ओघ एकाएकी वाढणे किंवा अचानक थांबणे, या दोन्हींची तिला सारखीच धास्ती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र रक्तस्रावाच्या भयाने आपल्या मनाने बंद करू नयेत. कोणती केव्हा थांबवायची हा निर्णय शल्यविशारदाचा.

"मग पोरांना परत धाडू?" गृहस्थांनी विचारले. येऊ द्या, मी म्हटले, रक्त द्यायला काहीच हरकत नाही. फक्त ते अण्णांनाच चढेल असे धरून चालू नका. त्यांनी चिठ्ठीची घडी सदऱ्याच्या खिशात घातली आणि रिक्षाला हात केला.