गिटमध्ये कमिट मेसेज चुकला? बदला, पण पुश करण्याआधी

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांत एडिट करता येतो आणि त्यावर ‘एडिटेड’ असं दिसतं. गिटमध्ये वेळेची मर्यादा नाही आणि असं लेबलही लागत नाही. म्हणून इथे जरा जपून.

शेवटचा मेसेज चुकला असेल तर
गिट कमिट --अमेंड
(कमांड इंग्रजी अक्षरांत टाइप करा.) एडिटर उघडेल, मेसेज सुधारा, सेव्ह करून बंद करा. ‘गिट अ‍ॅड’ केलेली एखादी फाइल बाकी असेल, तर तीही याच कमिटमध्ये जाते.

चूक दोन-तीन कमिट मागे असेल तर
गिट रीबेस -आय हेड~3
शेवटच्या 3 कमिटची यादी येते. हव्या त्या ओळीत ‘पिक’ काढून ‘रीवर्ड’ लिहा. सेव्ह केलं की मेसेज बदलायला मिळतो.

आत काय होतं?
फाइल्स, आधीचं कमिट, लेखक, वेळ आणि मेसेज या सगळ्यांवरून 40 अक्षरांचा हॅश बनतो. मेसेजमधलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो आणि त्यापुढच्या सगळ्या कमिटचेही बदलतात. म्हणजे जुनं कमिट दुरुस्त होत नाही, त्याजागी नवं बनतं.

खरी अडचण पुश केल्यावर येते. समजा, तुम्ही केडगावात आणि मित्र पुण्यात, ब्रँच एकच. तुम्ही इतिहास बदलून फोर्स पुश केलं, तर त्याने मधल्या वेळेत पुश केलेलं काम ब्रँचवरून गायब होऊ शकतं. ब्रँच फक्त तुमचीच असेल तरच पुश करा, तेही ‘--फोर्स-विथ-लीज’ लावून.

सामायिक ब्रँचवर सातबाऱ्याची पद्धत बरी. तिथे जुनं नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस होतो आणि नवी नोंद फेरफार क्रमांकासह येते. ‘गिट रिव्हर्ट’ तेच करतं: चुकीचा बदल उलटवणारं नवं कमिट जोडतं. नुसता मेसेज चुकला असेल तर राहू द्या. 2024 मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, म्हणून जुन्या कमिटमधलं ‘अहमदनगर’ बदलत बसू नका. अ‍ॅपमध्ये नाव बदला आणि त्याचं नवं कमिट करा.

पासवर्ड किंवा एपीआय की पुश झाली असेल, तर इतिहास पुसण्याआधी ती की रद्द करा. कुणीतरी कॉपी केलेली असू शकते.

आणि रीबेस फसलं तर घाबरू नका. ‘गिट रिफ्लॉग’मध्ये जुन्या कमिटचे हॅश साधारण 30 दिवस तरी सापडतात.