घरच्या सोयाबीनची पारख

भोपाळच्या तुलसी नगरातून सीहोरचा रस्ता धरला, की खरिपात दोन्ही बाजूंना सोयाबीन लागतं. लातूर-वाशीमच्या लहान शेतकऱ्याचंही हेच नगदी पीक. जून जवळ आला की तो बियाण्याच्या पिशवीसाठी उसनवारी करतो. माझ्या मते दरवर्षी नवी पिशवी घेण्याची गरज नसते. सोयाबीनचं फूल उमलण्याआधीच स्वतःच्या परागानं फळतं, त्यामुळे घरचं बी पेरलं तरी वाण टिकून राहतो. संकरित कपाशीचं तसं नाही. तिच्या सरकीपासून पुढच्या वर्षी एकसारखी झाडं येत नाहीत. कायदाही शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या 2001 च्या कायद्यातलं 39 वं कलम बी राखण्याची, पेरण्याची, देण्याघेण्याची, विकण्याचीही मुभा देतं. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही.

‘घरचं सोयाबीन उगवतच नाही’, ही तक्रार खोटी नव्हे. या दाण्याचं साल पातळ असतं आणि कोंब सालीला लागूनच असतो. मळणीयंत्र जोरात फिरलं, पोतं उंचावरून आपटलं की तो आतल्या आत दुखावतो. वरून दाणा धडधाकट दिसतो. म्हणून बियाण्याचा पट्टा आधीच ठरवावा, फुलोऱ्यात भेसळीची झाडं उपटावीत, मळणी कमी वेगानं करावी, आणि नीट वाळवलेल्या बियांची पोती ओलीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवावीत. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर सावलीत ठेवावेत. सत्तर कोंब आले तर एकरी 30 किलो बी पुरतं. त्याहून कमी आले तर बी वाढवावं; साठच्या खाली आले तर ते पेरूच नये. दुकानातल्या पिशवीचीही हीच परीक्षा घ्यावी, कारण हाताळणीतले धक्के तिलाही बसतात.

दुसरा आक्षेप जुन्या वाणांचा, आणि तो मला मान्य आहे. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या जेएस 335 नं मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात वर्षानुवर्षं शेतं व्यापली, पण एकाच वाणावर विसंबलं की रोगकिडीची जोखीमही सगळ्यांची एकच होते. त्यावर उपाय म्हणजे नव्या वाणाच्या प्रमाणित बियाण्याची एखादी पिशवी आणायची, तिचंच बी घरी वाढवायचं आणि साधारण तीन वर्षांनी पुन्हा बदलायचं. चाचणीला लागतं एक गोणपाट, शंभर दाणे आणि आठवडाभराचा वेळ. यंदा पिशवी विकत घेण्याआधी एवढं करून पाहा.