उपाशी ठेवणारं औषध

१९३२ च्या डिसेंबरात जर्मनीतल्या एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत गेरहार्ट डोमाक यांनी उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंची जीवघेणी लागण केली आणि त्यातल्या काहींना एक लाल रंगद्रव्य दिलं. ते उंदीर जगले, बाकीचे मेले. नवल असं, की काचनळीत हेच रंगद्रव्य, प्रॉन्टोसिल, जंतूंचं काहीच वाकडं करत नव्हतं!

कोडं सुटलं १९३५ साली, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. शरीरात गेल्यावर लाल रेणू तुटतो आणि सुटा होतो तो रंगहीन सल्फॅनिलामाइड. खरं काम त्याचं. व्हिएन्नात पॉल गेल्मो यांनी तो १९०८ सालीच तयार केला होता. सत्तावीस वर्षं जीव वाचवू शकणारं औषध हाताशी होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. हे आठवलं की आजही चुटपुट लागते.

पण हा रेणू करतो तरी काय? जंतूला डीएनए घडवायला फोलेट लागतं आणि ते तो स्वतःच बनवतो. त्यासाठीचा एक कच्चा माल म्हणजे ‘पाबा’ नावाचं छोटं आम्ल. सल्फाचा रेणू दिसायला हुबेहूब पाबासारखा. जंतूचं विकर या तोतयाला खरा समजून जवळ करतं आणि फोलेटचं काम तिथंच अडतं. साठा संपेपर्यंत जंतू आणखी काही पिढ्या वाढतो, मग वाढ थांबते. उरलेला बंदोबस्त आपल्या पांढऱ्या पेशी करतात. आपल्याला मात्र झळ लागत नाही, कारण आपण फोलेट बनवतच नाही. ते पालक, मेथी, डाळींतून आयतं खातो. किती सुंदर फरक, आणि त्यावर अख्खं औषध उभं!

पू साचलेल्या गळवात सल्फा लंगडं पडतं तेही याचमुळे. मेलेल्या पेशींतून पाबा आणि डीएनएचे तयार घटक पाझरतात, उपाशी जंतूला शिधा मिळतो. म्हणून आधी पू काढावा लागतो.

पुढं ट्रायमेथोप्रिम आलं. ते त्याच साखळीची पुढची कडी अडवतं. को-ट्रायमॉक्सेझोलच्या नेहमीच्या गोळीत सल्फामेथॉक्सेझोल ४०० मिलिग्रॅम आणि ट्रायमेथोप्रिम ८० मिलिग्रॅम असतं. कुष्ठरोगावरचं डॅप्सोनही पाबाच्याच जागी घुसतं.

काहींना मात्र सल्फाची ॲलर्जी असते आणि ती क्वचित फार गंभीर होते. तुम्हाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, केसपेपरवर लिहून घ्या. गोळी सुरू असताना अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.